काऊनची गाडी

सव्वाअकराची आर्वी गाडी फलाट चारला लागली तेव्हा धनंजयनं माइकचं बटण दाबलं, खाकरला, आणि वर्ध्याच्या बसस्थानकावर गेली अठरा वर्षं जे म्हणत आला होता तेच म्हणायला लागला. प्रवाशांनी लक्ष द्यावे. वर्ध्याहून आर्वीकडे जाणारी साधी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे. इथवर सगळं सुरळीत होतं. पुढं थांब्यांची यादी. ती त्याच्या जिभेला इतकी पाठ होती, की यादी चालू असताना तो डब्यात कुठली भाजी असेल याचा अंदाज बांधायचा, पंख्याची कुरकुर ऐकायचा, काय वाटेल ते करायचा. आज मन कुठं गेलं होतं कुणास ठाऊक. यादीतलं चौथं नाव यायच्या जागी तोंडातून आलं, "काऊन." एकदा म्हणून जीभ थांबली असती तर तेही खपून गेलं असतं. पण ते नाव कधी एकदा म्हणायचं नसतंच. "काऊन," तो पुन्हा म्हणाला, आणि तिसऱ्यांदा, शेवट जरासा वर उचलून, "काऊन?"

आता आपल्या इकडं काऊन म्हणजे का. अडीच-तीन वर्षांचं पोर बोलायला लागलं की आईबापाच्या मागं जे लावतं ते हे काऊन. भरल्या बसस्थानकावर, भोंग्यातून, सरकारी आवाजात कुणी तीनदा का, का, का असं विचारलं तर लोकांनी काय करावं? चहाच्या टपरीवरचे कॉलेजवाले खो खो हसले. एका कंडक्टरनं "आमाले काय विचारता भाऊ, डेपोले विचारा" असं ओरडून आणखी थोडा हशा मिळवला. शेजारच्या टेबलावर गाड्यांच्या वेळा लिहीत बसलेला नियंत्रक मुकेश पेन थांबवून त्याच्याकडे बघायला लागला. धनंजयनं बटण सोडलं. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. तेवढ्यात काचेतून त्याला दिसलं, की फलाट एकच्या बाकावरून एक म्हातारी उठली आहे. काळा चष्मा, हिरवं सुती लुगडं, काखेत पिशवी, हातात काठी. सगळं स्टँड हसत होतं आणि ती भोंग्याकडे कान वळवून उभी होती. मग काठीनं फरशी चाचपत ती फलाट चारकडे निघाली. त्या नावावर विश्वास ठेवून उठलेली ती एकटीच होती.

"भाऊ, तब्येत ठीक हाय न?" मुकेशनं विचारलं.

"ठीक हाय. जीभ घसरली."

"घसरू द्या. एक तारखेपासून मशीनच बोलनार हाय. तिले जीभच नाई."

मुकेश वाईट मनानं बोलला नव्हता. मशीन खरंच येऊन पडलं होतं, खोक्यातून अर्धवट बाहेर, कोपऱ्यात. कुण्या बाईचा गोड आवाज त्यात भरलेला होता. ती अल्लीपूरमधला एक ल गिळायची आणि सिंदी मेघे हे एखाद्या पाहुण्याचं नाव असल्यागत अदबीनं घ्यायची, पण तिला खोकला होणार नव्हता आणि सुट्टी लागणार नव्हती. धनंजयला चौकशीच्या खिडकीत बसवणार होते. त्याबद्दल त्याला फारसं वाईट वाटलं नव्हतं, निदान तसं तो सगळ्यांना सांगत होता. खरं म्हणजे त्याचं बिनसलं होतं ते चार दिवसांपासून, शर्टाच्या खिशात घडी करून ठेवलेल्या एका पत्रामुळं. पत्र आर्वीच्या सदाशिवराव नावाच्या निवृत्त हेडमास्तरांचं होतं. अक्षर टपोरं, भाषा जुनी. पुलगावहून निघणारी छोटी लाईन एकवीस वर्षांनी पुन्हा सुरू होत आहे, जुना वारसा म्हणून, फक्त रविवारी, धामणखेड्यापर्यंत जाऊन परत. मधे एकच थांबा, कावन. 'आपले वडील तानबाजी हे त्या स्थानकाचे अखेरचे पोर्टर. गाडी येताच ते स्थानकाचे नाव पुकारीत. ती प्रथा आम्हांस जशीच्या तशी हवी आहे. पहिल्या रविवारी आपण येऊन पुकारावे. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवावे, म्हणजे तसे ठरविता येईल.' आज गुरुवार होता. जायचं नाही हे धनंजयनं पत्र वाचतानाच ठरवून टाकलं होतं. ठरवल्यावर माणसाला मोकळं वाटायला पाहिजे, पण त्याला घशात बोराची आठोळी अडकल्यासारखं वाटत होतं, आणि ती आज खाकरताना बाहेर पडली होती.

फलकावर नाव कावन असं लिहिलेलं होतं, पिवळ्यावर काळं, तीन लिप्यांत. पण तसं म्हणताना धनंजयनं कुणाला ऐकलं नव्हतं. गावात सांगायचे, की लाईन टाकायला आलेल्या साहेबानं बांधावरच्या माणसाला विचारलं, या जागेचं नाव काय. त्या माणसानं आधी साहेबाकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या वहीकडे पाहिलं, आणि कुठलाही शहाणा माणूस विचारेल तेच विचारलं, काऊन? साहेबानं तेच लिहून घेतलं. हे खरं की खोटं ते ना साहेबाला विचारता येत, ना बांधावरच्या माणसाला. पण स्टेशन होतं तेवढी वर्षं सारी लाईन त्या नावावर हसत आली. स्टेशन म्हणजे तरी काय, कौलारू एक खोली, एक बाक, एक निंब, घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा आणि मागं पोर्टरची दोन खणांची खोली, ज्यात धनंजय जन्मला. पुलगावहून सुटलेली गाडी पावणेसातला यायची. हिवाळ्यात तोवर अंधारून यायचं, डब्यांत दिवे नसायचे, फलक कुणाला दिसायचा नाही. म्हणून तानबा हातबत्ती घेऊन इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत चालत जायचा आणि प्रत्येक खिडकीशी नाव घ्यायचा. काऊन? काऊन? तो ते विचारायचाच, शेवट उचलून, गाडीला जाब विचारल्यासारखा. आणि आतून, बोचकी आवरता आवरता, उतरणारे लोक उत्तर द्यायचे, "आलो म्हनून." बायका म्हणायच्या, "आली म्हनून." जो उत्तर द्यायचा तो उतरायचा. इतका तो साधा हिशेब होता. तानबा त्यावर हसायचा, उतरणारे हसायचे, पुढं जाणारेही हसायचे, आणि ओट्यावर पुस्तक घेऊन बसलेला धनंजय मान आणखी खाली घालायचा.

खिडकीच्या काचेवर काठी टकटकली. म्हातारी फलाट चारहून परत आली होती.

"बाबू, काऊनची गाडी कुठी लागली? तिथं त थो आर्वी आर्वी करून राह्यला."

"आर्वीचीच हाय मावशी. काऊनची गाडी नाई. मी चुकून बोललो."

"चुकून?" ती म्हणाली. "चुकून कोनी तीनदा बोलते का?"

धनंजय खुर्चीतून उठला, मुकेशला हातानं खूण केली आणि बाहेर आला. तिला हात धरून बाकावर बसवलं, टपरीवरून दोन चहा आणले. ती त्याच्या तोंडाकडे न बघता बाजूला बघत होती. मग त्याच्या लक्षात आलं, की ती बघत नाहीच, कान त्याच्याकडे केला आहे. तिचं नाव अनुसयाबाई, लेकासुनेजवळ सिंदी मेघेला राहते, सुनेनं आताच स्कूटरवर आणून सोडलं, भावाकडे निघाली आहे, भाऊ काऊनला, म्हणून पुलगावच्या बसची वाट पाहत होती. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. हे सगळं तिनं पहिला घोट घ्यायच्या आत सांगून टाकलं. तो म्हणाला, मीही सिंदी मेघेलाच राहतो, पाण्याच्या टाकीमागं. ती म्हणाली, टाकीपुढं दुसरं घर आपलं. म्हणजे दोघांमध्ये एवढी वर्षं एक टाकीच होती.

"तानबाचा पोरगा न तू?" ती एकदम म्हणाली.

"कायच्यावरून ओळखलं?"

"आवाज शेवटाले वर नेते न तू, थो त्याचा हाय. डोये गेल्यावर मानसाचं तेवढंच दिसते."

अठरा वर्षं तो आपला आवाज नाकातून काढत आला होता, मुद्दाम, सपाट, कुणाचाच नसल्यासारखा. नोकरीच्या मुलाखतीत साहेब म्हणाले होते, तुमचा आवाज छान आहे हो, अगदी सरकारी वाटतो. त्याला ते फार आवडलं होतं. बापाचा आवाज आपल्यात कुठं शिल्लक असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. तानबाचा आवाज लाईन बंद व्हायच्या वर्षभर आधीच बसला. आधी नुसता घोगरा झाला, मग नागपूरच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिली आणि मान हलवली, मग फक्त कुजबुज उरली. गाडी यायची काही थांबणार नव्हती, म्हणून धनंजयनं बत्ती घेतली. तो तेव्हा वीस-एकवीसचा, पुलगावला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, पायात कॅनव्हासचे पांढरे बूट. पहिले काही महिने त्यानं नाव घेतलं, खालच्या मानेनं, घाईघाईनं, एखादं औषध घोटून टाकावं तसं. आतून लोक उत्तर द्यायचे, "आलो म्हनून," तो त्याकडे लक्ष द्यायचा नाही. आणि मग पौषातली ती संध्याकाळ. गाडी आली, तो इंजिनापाशी पोचला, बत्ती वर केली, आणि पहिल्याच डब्याच्या खिडकीत मोहिनी बसलेली दिसली. त्याच्या वर्गातली, आर्वीच्या आडतवाल्यांची. तिची बस चुकली असावी. तिला त्यानं सांगितलं होतं, की वडील रेल्वेत आहेत. ते खोटं नव्हतं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, बत्तीकडे पाहिलं, आणि ती हसणार की नाही हे कळायच्या आत धनंजयनं तोंड मिटलं. बत्ती पाठीमागं धरून तो निंबाच्या अंधारात सरकला. त्या दिवशी काऊन स्टेशनावर कुणी काही विचारलं नाही. गाडी दोन मिनिटं उभी राहिली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी गार्डनं तानबाला सांगितलं, की कुणी एक बाई काल काऊनला उतरायची ती उतरलीच नाही, धामणखेड्याला गेली. कुण्या कामासाठी निघाली होती, कुणास ठाऊक. धनंजय आतल्या खोलीत होता, त्यानं सगळं ऐकलं. तानबा काही बोलला नाही, बोलायला आवाज होता कुठं. पण संध्याकाळी त्यानं धनंजयच्या हातातली बत्ती काढून घेतली आणि स्वतः गेला. नाव घेता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक डब्याशी थांबून लोखंडी दांडक्यानं डब्याची पायरी वाजवत गेला. पुढं महिनाभरात धनंजय परीक्षेसाठी पुलगावला खोली घेऊन राहिला, उन्हाळ्यात लाईन बंद झाली आणि पावसाळ्याच्या तोंडी तानबा गेला. दोघांत त्या संध्याकाळविषयी एक अक्षर झालं नाही. बापानं आपल्याला माफ केलं की नाही हे धनंजयला कळलं नाही, आणि कळायचं कुणाकडून, तेही कळलं नाही. मात्र त्या बाईचा विचार त्यानं सोडला नव्हता. तिला त्यानं मनात किती गोष्टी होऊ दिल्या होत्या. तिची आई अखेरच्या घटका मोजत होती. तिच्या लेकराला ताप होता. दर खेपेला ती उशिरा पोचायची.

"मावशी," तो म्हणाला, आणि आपला आवाज नेहमीसारखा नाकातून येत नाही हे त्याला ऐकू आलं. "बाबाचा आवाज एखाद्या दिवशी नाई आला, असं झालं का कदी?"

"झालं न." तिनं कप बाकावर ठेवला. "एका वक्ती झालं. भाचीचं साक्षगंध होतं. डोये तवाच अर्धे गेलते, संध्याकाई त काईच दिसे नाई. गाडी थांबली. मी पिशवी धरून बसली. आता म्हनन, मंग म्हनन. काई नाई. इंजनाचं धडधड आन बाकी गुपचूप. मले वाटलं, तानबा गेला."

"गेला?"

"मेला म्हंते मी. तानबा जित्ता हाय आन काऊन म्हनत नाई, हे काई होनार होतं का? पायच उचले नाई मले. तिथंच रडत बसली, आन गाडी निंगाली. धामनखेड्याचे लोक म्हने, अवो बाई, जित्ता हाय थो, आवाज तेवढा बसला." ती हसली. वरचे दोन दात नव्हते. "जित्त्या मानसासाठी कोस दोन कोस रडली मी."

"आन साक्षगंध?"

"थांबलं न सकायपर्यंत. आत्याबिगर होते का? पटरीपटरीनं पायी आली मी, तवा नारय फुटलं."

कुणी मेलं नव्हतं. कुणाला ताप नव्हता. साखरपुड्याचा नारळ सकाळी फुटला होता एवढंच. धनंजयला हलकं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, पण त्याच वेळी लाज दुप्पट झाली. कारण आता त्या बाईला नाव होतं, काळा चष्मा होता, ती त्याच्या पैशाचा चहा पीत होती आणि त्या दिवशी बत्ती कुणाच्या हातात होती हे तिला कुठं ठाऊक होतं. सांगून टाकावं असं त्याला वाटलं. शब्द ओठापर्यंत आलेही. पण त्यांच्याऐवजी त्यानं छोट्या गाडीची बातमी सांगितली. रविवारी निघणार आहे, सकाळी, फक्त गंमत म्हणून.

"खरं?" ती लगेच उठून उभी राहिली. "मंग बसनं कायले जाऊ? इतवारीच जाते. लेक पुलगावले नेऊन बसवीन मले." आणि मग काठी टेकवता टेकवता, "तू पुकारशीन न?"

"पाहू."

"पाहू काय? मले दिसत नाई बाबू. तू पुकारशीन त उतरीन."

तिला टाकीकडे जाणाऱ्या ऑटोत बसवून धनंजय परत माइकपाशी आला. बाराची सेलू गाडी लागली होती. त्यानं सगळी नावं बरोबर घेतली, आणि ती घेताना पहिल्यांदाच त्याला वाटलं, की बाहेर बाकांवर बसलेल्यांत डोळे नसलेलं किंवा अक्षर न येणारं कुणीतरी दर गाडीला असणार. आपल्या आवाजाला धरून ते उठत असणार, चढत असणार, बरोबर जागी उतरत असणार. अठरा वर्षं. त्यानं आणखी एकदा, जरा सावकाश, सेलू म्हटलं. मुकेशनं पुन्हा पेन थांबवलं.

शुक्रवारी संध्याकाळी घरी आला तेव्हा ज्योत्स्ना शिलाई मशीनवर बसली होती आणि पत्र मशीनच्या फळीवर, तिच्या कात्रीखाली, उघडं होतं. धुवायला टाकलेल्या शर्टात सापडलं असणार. "आज शुक्रवार हाय," ती म्हणाली. "काय कळवलं तुमी?" तो म्हणाला, काही नाही. तिनं पाय थांबवला. मग त्यानं सांगितलं. मोहिनी, बत्ती, निंबाचा अंधार, धामणखेडा, बापानं हातातून काढून घेतलेली ती बत्ती, आणि काल बाकावर बसलेली बाई. एकवीस वर्षांत हे तो कुणाला बोलला नव्हता. बोलायला दहा मिनिटंही लागली नाहीत, याचंच त्याला आश्चर्य वाटलं. ज्योत्स्ना बराच वेळ दोरा बोटाला गुंडाळत राहिली. तिला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं, दोन्ही तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"एवढं मोठं ओझं घेऊन फिरले, आन मले साधं बोलले बी नाई," ती म्हणाली. "त्या बाईले सांगतलं?"

"नाई."

"मंग तिथं जाऊन सांगा. फोन लावा त्या मास्तरले."

त्यानं फोन लावला. सदाशिवराव जरा कमी ऐकत असावेत, कारण त्यांनी तीनदा विचारलं, "येताय ना? येताय? नक्की?" आणि धनंजयला तीनदा मोठ्यानं हो म्हणावं लागलं. रात्री जेवताना त्यानं पाण्याचा तांब्या पुढ्यात असूनही दोनदा पाणी मागितलं.

रविवारी साडेनऊला तो आणि ज्योत्स्ना मोटारसायकलवर काऊनला पोचले. कौलं नवी, भिंतीला पिवळा रंग, फलक नव्यानं रंगवलेला. निंब तोच होता. फक्त तो आता इतका वाढला होता, की धनंजयला त्याच्या सावलीत उभं राहायला नको वाटलं. मागची दोन खणांची खोली पडून गेली होती, तिथं वाहनं लावायची सोय केली होती. सदाशिवरावांनी त्याच्या हातात एक बत्ती दिली. दिवसाउजेडी बत्ती कशाला, पण मास्तरांना सगळं जसंच्या तसं हवं होतं. बत्तीची मूठ गार होती आणि त्याच्या तळहाताला ती लगेच ओळखीची वाटली. गावातली माणसं जमली होती, बायका डोक्यावर पदर घेऊन बांधावर बसल्या होत्या. मग दूर, पळसाच्या रांगेपलीकडे, शिटी झाली. छोटं इंजिन, मागं दोन डबे, माणसाच्या धावण्याच्या वेगानं, कधीकाळी यायचं तसंच डुलत डुलत आलं आणि थांबलं.

"काऊन," धनंजय म्हणाला. आवाज नाकातून आला. सपाट, स्वच्छ, सरकारी. "कावन स्थानक."

लोक भराभर उतरले. मोबाइल वर झाले. फलकापुढं गर्दी झाली. दोन्ही डबे जवळजवळ रिकामे झाले आणि तेव्हा त्याला दुसऱ्या डब्याच्या खिडकीत काळा चष्मा दिसला. अनुसयाबाई पिशवी मांडीवर धरून, तोंड समोर करून बसली होती. तिनं ऐकलं नसेल असं झालंच नसतं. ती ऐकून बसली होती. गार्डनं घड्याळ पाहिलं. गाडीला पुढं धामणखेड्याला जायचं होतं, आणि ही बाई पुन्हा एकदा धामणखेड्याला जाणार होती, तेही त्याच्यामुळंच. धनंजय खिडकीशी गेला.

"मावशी, काऊन आलं. उतरा."

"हो का?" ती म्हणाली, आणि हलली नाही.

तेव्हा त्यानं सांगितलं. गर्दी ऐकते की नाही हे न बघता, खिडकीच्या गजाला धरून. "मावशी, तुमच्या भाचीच्या साक्षगंधाच्या दिवशी बत्ती माह्या हातात होती. बाबा घरात होते. मीच नाई पुकारलं. वर्गातली पोरगी बसून होती डब्यात, मले लाज वाटली."

"मालूम हाय मले."

"कदीपासून?" त्यानं विचारलं.

"पंधरा रोजानं आलती मी तानबाले पाहाले. तू पुलगावले गेलता परीक्षेले. त्याले सांगतलं, तुले मेला समजून रडली मी. तवा एवढा हासला थो, एवढा हासला, नुसती हवाच निंगे तोंडातून, पानी आलं डोयातून. मंग माह्या कानाशी आला आन म्हने, पोरगं होतं बत्तीवर, त्याले लाज वाटते. वाटू दे. मले बी पयले लय वाटे." तिनं मांडीवरची पिशवी सारखी केली. "आन वाटेच न. पयले पयले दबकतच म्हने तानबा, कावन, कावन, फलकावर हाय तसं. मंग एक दिवस मीच आतून म्हनली, आली म्हनून. तवापासून थो सवाल करायले लागला. पोराची बी लाज जाईन म्हने, जरा वक्त लागन."

गार्डनं शिटी तोंडात धरली होती. ज्योत्स्ना निंबाखाली उभी राहून इकडेच पाहत होती. धनंजयला ती संध्याकाळ दिसली, आणि पहिल्यांदाच ती संध्याकाळ खोलीच्या आतून दिसली. बाप बत्ती काढून घेतो आहे, आणि ती हिसकावून घेत नाही, तर पोराच्या हातातलं ओझं उतरवून घेतो आहे, कारण पोराची परीक्षा आहे, पोराला लाज वाटते, आणि ती कशी असते हे बापाला चांगलं ठाऊक आहे. ते तसंच झालं होतं. तो एकवीस वर्षं चुकीच्या बाजूनं बघत होता. डोळे ओले झाले ते त्यानं पुसले नाहीत.

"आता गेली का नाई लाज, थे आयकाले बसली मी," अनुसयाबाई म्हणाली. "गाडी निंगून जाईन बाबू."

धनंजय मागं वळला आणि चालत इंजिनापर्यंत गेला. तिथून परत निघायचं असतं. त्यानं बत्ती वर केली, भर उन्हात, आणि छाती भरून घेतली. पहिल्या डब्याशी आवाज थोडा फाटला. फाटू दिला. "काऊन?" गर्दीतलं कुणीतरी हसलं, नेहमीप्रमाणं, आणि ते हसणं त्याला लागलं नाही. उलट बरं वाटलं. नावच तसं होतं. बांधावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी सारखी केली. दोन डब्यांच्या मधे त्यानं पुन्हा विचारलं, आता मोठ्यानं, शेवट वर उचलून, इतका वर की तो निंबाला लागून पळसाकडे गेला. शेवटच्या खिडकीपाशी तो थांबला. आत अंधार नव्हता, ती स्पष्ट दिसत होती, तरी त्यानं बत्ती तिच्या चेहऱ्याजवळ धरली.

"काऊन?" तानबाच्या पोरानं विचारलं.

"आली म्हनून," अनुसयाबाई म्हणाली, आणि डब्याच्या दारातून तिची काठी फलाटाची जमीन शोधत बाहेर आली. धनंजयनं आधी पिशवी घेतली, मग हात.